कासवाची जखम

(पाठाविषयी : घरात पाळलेले किंवा परिसरात सापडलेले कासव जखमी झाले, तर काय करावे आणि काय करू नये, याची माहिती या पाठात दिली आहे. पाठ वाचताना उपचाराच्या पायऱ्यांचा क्रम नीट लक्षात घ्या.)

विद्यार्थी मित्रांनो, 'जखम' हा मराठी शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतला 'ज़ख़्म' तोच मराठीतली 'जखम'. इलाज, दवा, हकीम हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. उर्दूतल्या 'मरहम'चे मराठीत 'मलम' झाले. शब्द असे सारखे असले, तरी प्रत्येक जखमेचा इलाज मात्र सारखा नसतो. तुमच्या गुडघ्याला खरचटले, तर आठ दिवसांत खपली पडते. कासवाला तेवढेच खरचटले, तर ते बरे व्हायला कित्येक आठवडे लागतात. असे का होते, ते आज आपण पाहू.

टेमघर हे भिवंडी-कल्याण रस्त्यावरचे गाव. आता ते भिवंडी शहरात मिसळून गेले आहे. ठाणे शहराला जाणारे पाणी येथील जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध होते. या सगळ्या परिसरात यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. मागांवरचे तुटके सूत, चिंध्या, प्लास्टिकच्या दोऱ्या कचऱ्यात पडतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात वाहत जातात. पावसाळ्यात तळी आणि ओढे भरले, की पाण्यातली कासवेही बाहेर पडतात आणि कधी कधी रस्त्यावर येतात.

समजा, अशाच एका सकाळी शाळेत जाताना तुम्हांला रस्त्याच्या कडेला एक कासव दिसले. त्याच्या मागच्या पायाला सुताचा गुंता आवळला आहे. पाय सुजला आहे आणि कातडी फाटून थोडे रक्त आले आहे. भोवती माणसे जमतात. एक जण म्हणतो, "हळद दाबा." दुसरा म्हणतो, "चुना लावा." तिसरा म्हणतो, "तेल चोळा, म्हणजे माश्या बसणार नाहीत." चौथा म्हणतो, "अहो, कासवाला एवढे जाड कवच आहे, त्याला काय होते?" पाचवा म्हणतो, "द्या सोडून नाल्यात, पाण्यात गेले की बरे होईल." पाचही जणांच्या मनात दयाच आहे, पण त्यांच्या पाचही सल्ल्यांनी कासवाचा जीव धोक्यात येऊ शकतो. दयेला माहितीची जोड लागते, ती अशी.

कासवाचे शरीर

कासवाचे कवच म्हणजे त्याने पाठीवर घेतलेले घर नव्हे. ते त्याच्या सांगाड्याचाच भाग आहे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा कवचाला जोडलेले असतात. कवचाच्या हाडात रक्त खेळते, मज्जातंतू असतात. म्हणून कवचाला धक्का लागला, तर कासवाला वेदना होतात. काही लोक कासवाला बांधून ठेवण्यासाठी कवचाच्या कडेला भोक पाडतात. काही जण कवचावर ऑइल पेंटने नाव लिहितात. हे दोन्ही प्रकार क्रूर आहेत.

कासव हा थंड रक्ताचा प्राणी आहे. त्याच्या शरीराची उष्णता भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. हवा गार असली, की त्याचे पचन मंदावते आणि रोगाशी लढण्याची शक्तीही मंदावते. म्हणून त्याची जखम हळू भरते. आणखी एक गोष्ट. माणसाच्या जखमेतला पू पातळ असतो, तो वाहून बाहेर येतो. कासवाचा पू पनीरसारखा घट्ट असतो. तो वाहत नाही. आतच गाठ धरतो. वरून जखम बुजलेली दिसते आणि आत विकार वाढत राहतो. म्हणूनच जखम दिसल्याबरोबर ती स्वच्छ करणे महत्त्वाचे असते.

जखमा कशा होतात?

कुत्र्याच्या चाव्याने होतात. रात्री निपचित पडलेल्या कासवाला उंदीर कुरतडतात, त्यानेही होतात. खरखरीत सिमेंटच्या लादीवर सतत फिरल्याने तळपाय आणि पोटाकडचे कवच सोलवटते. एका टबात दोन कासवे ठेवली, तर ती भांडतात आणि एकमेकांना चावतात. सूत, नायलॉनचा धागा, मासेमारीचे जाळे पायात किंवा मानेत अडकते. यांतली बहुतेक कारणे आपल्याला टाळता येतात.

आधी ओळख, मग उपचार

उपचाराला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा : हे कासव कोणते आहे?

आपल्या तळ्यांत आणि नाल्यांत आढळणारे मऊ कवचाचे कासव सहज ओळखता येते. त्याच्या पोटाखाली मागच्या बाजूला कातडीच्या झडपा असतात. पाय आत घेतले, की या झडपा मिटतात. दुसरे आहे तारा कासव. लोक त्याला स्टार कासव असेही म्हणतात. ते जमिनीवर राहते. त्याच्या काळसर उंच पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतात. ही दोन्ही आपल्या देशातली वन्य कासवे आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांची नावे आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. घरात कासव असले की बरकत येते, या समजुतीने काही लोक तारा कासवे विकत घेतात. त्या एका समजुतीपायी हजारो कासवे रानातून पिशव्यांत भरून नेली गेली. म्हणून २०१९ साली जगातल्या देशांनी या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली.

वन्य कासव जखमी सापडले, तर घरातल्या मोठ्या माणसांना लगेच सांगा आणि महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करायला लावा. वनविभागाची माणसे येईपर्यंत फक्त प्रथमोपचार करा. ते कासव लपवून ठेवू नका. 'बरे झाले की आपणच पाळू' असा विचारही करू नका.

बाजारात लाल कानाचे कासव म्हणून जे हिरवे कासव विकले जाते, ते मात्र परदेशी आहे. त्याच्या डोळ्यांमागे लाल पट्टा असतो. असे कासव घरी असेल, तर त्याची जबाबदारी तुमच्या घराची आहे. काही परदेशी प्राण्यांची नोंद शासनाकडे करावी लागते. त्याचे नियम २०२४ साली निघाले आहेत. कंटाळा आला म्हणून हे कासव वऱ्हाळा तलावात किंवा नाल्यात सोडू नका. ते तेथल्या देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते.

प्रथमोपचाराच्या पायऱ्या

किरकोळ जखम म्हणजे कातडीवरचा ओरखडा, सोलवटलेला भाग किंवा उथळ चीर. अशा जखमेसाठी पुढील पायऱ्या क्रमाने करा.

१. आपले हात साबणाने धुवा. मिळाल्यास रबरी हातमोजे घाला. कासवाला कवचाच्या दोन्ही बाजूंनी, मागच्या पायांजवळ धरा. मऊ कवचाच्या कासवाची मान लांब असते आणि ते जोरात चावते, हे विसरू नका. त्याला उलटे करून ठेवू नका. कासवाची फुप्फुसे पाठीच्या कवचाखाली असतात. उलटे केले, की आतल्या अवयवांचा भार त्यांच्यावर पडतो.

२. रक्त येत असेल, तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर पाच मिनिटे दाबून धरा. मधे मधे उचलून पाहू नका.

३. मिठाचे पाणी तयार करा. एक लिटर पाणी उकळा, कोमट होऊ द्या. त्यात नऊ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा मीठ विरघळवा. सुई काढलेल्या पिचकारीने हे पाणी जखमेवर हळूहळू सोडा. माती आणि घाण निघून जाईपर्यंत धुवा. परंतु कवचाला भोक किंवा तडा असेल, तर तेथे पाणी सोडू नका. ते थेट शरीराच्या आत जाऊ शकते.

४. औषधाच्या दुकानात पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण मिळते. ते आहे तसे लावू नका. फिक्या कोऱ्या चहासारखा रंग येईपर्यंत त्यात उकळून गार केलेले पाणी घाला. मग गॉजच्या तुकड्याने ते जखमेवर लावा. पाच मिनिटांनी मिठाच्या पाण्याने धुऊन टाका. डोळे आणि तोंड यांपासून हे औषध दूर ठेवा.

५. स्वच्छ कापडाने जखम टिपून घ्या. चोळू नका.

६. एका मोठ्या खोक्यात स्वच्छ पांढरे कापड अंथरा आणि कासवाला त्यात ठेवा. माती, वाळू, भुसा घालू नका. ते जखमेला चिकटतात. खोक्यावर मच्छरदाणीचे कापड बांधा. हे फार महत्त्वाचे आहे. माश्या उघड्या जखमेवर अंडी घालतात आणि एका दिवसात त्यांतून अळ्या निघतात. त्या जिवंत मांस खातात.

७. खोके उबदार, शांत जागी ठेवा. कडक उन्हात मुळीच ठेवू नका. कासवाला घाम येत नाही. बंद खोक्यात ऊन लागले, तर ते थोड्याच वेळात मरू शकते.

जमिनीवरच्या कासवाला रोज थोडा वेळ उथळ, कोमट पाण्यात ठेवा, म्हणजे ते पाणी पिईल. पाणी त्याच्या हनुवटीच्या खालीच असावे. पाळलेल्या पाणकासवाची जखम औषध लावल्यावर काही तास कोरडी राहू द्या. मग त्याला खाण्यापिण्यासाठी तासभर स्वच्छ पाण्यात सोडा. मऊ कवचाच्या कासवाला मात्र फार वेळ कोरडे ठेवू नये. त्याची कातडी सुकते. वनविभागाची माणसे येईपर्यंत त्याच्या पाठीवर ओले स्वच्छ कापड ठेवावे. जखम तेवढी उघडी राहू द्यावी.

पाळलेल्या कासवाची जखम रोज एकदा, ठरलेल्या वेळी स्वच्छ करा. एका वहीत तारीख घालून लिहा : जखम केवढी दिसते? रंग कसा आहे? वास येतो का? कासवाने काय खाल्ले? प्राण्यांच्या डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते, कारण कासव स्वतःचे दुखणे सांगू शकत नाही.

आता त्या सुताच्या गुंत्याकडे वळू. सैल असलेला धागा बोथट टोकाच्या कात्रीने कापून काढा. जो धागा कातडीत रुतला आहे, तो ओढू नका. ओढल्याने शीर तुटू शकते. तेवढा भाग डॉक्टरांसाठी राहू द्या.

हे करू नका

हळद, चुना, राख, कॉफीची पूड जखमेत भरू नका. त्यांचा थर जमतो, त्याखाली घाण कोंडते आणि डॉक्टरांना जखम दिसत नाही. तेल आणि रॉकेल लावू नका. स्पिरिट किंवा फरशी पुसायचे जंतुनाशक लावू नका. त्याने नवी येणारी कातडी जळते. घट्ट पट्टी बांधू नका. माणसांसाठी आणलेले कोणतेही मलम विचारल्याशिवाय लावू नका.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री यांच्या अंगावरच्या किड्यांसाठी आयव्हरमेक्टिन नावाचे औषध वापरतात. शेजारी ते आपुलकीने देऊ करतील. परंतु कासवांना ते विषारी असते. त्याने कासवाला लकवा होतो आणि ते दगावते. जे औषध शेळीला तारते, तेच कासवाला मारते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल. कवचाला तडा गेला असेल. कुत्रा चावला असेल. जखमेत अळ्या दिसत असतील. जखमेला दुर्गंधी येत असेल. सूज किंवा कडक गाठ आली असेल. कासव खात नसेल किंवा पाय ओढत असेल, तर घरी प्रयोग करत बसू नका. कुत्र्याच्या चाव्याचे भोक बाहेरून लहान दिसते, पण आत खोल असते. पाळलेले कासव त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकापासून तेथे प्राण्यांवर उपचार होत आले आहेत. वन्य कासव असेल, तर ही लक्षणे वनविभागाला दूरध्वनीवरच सांगा, म्हणजे ते घाई करतील.

कवचाचा तडा किती गंभीर असतो, याचे एक उदाहरण पाहा. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात 'अद्वैत' नावाचे एक प्रचंड कासव होते. ते दीडशे वर्षांपेक्षाही जास्त वयाचे असावे, असे मानले जाई. मार्च २००६ मध्ये त्याचे यकृत निकामी होऊन ते मरण पावले. त्यापूर्वी काही महिने त्याच्या कवचाला तडा गेला होता आणि तेथे जखम झाली होती. एवढा दीर्घायुषी प्राणी. पण जखमेपुढे तोही दुबळाच असतो.

आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात डहाणू येथे समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. पावसाळ्यात उधाणाबरोबर जखमी कासवे किनाऱ्यावर येतात. पुष्कळ कासवांच्या वल्ह्यांसारख्या पायांत फाटक्या जाळ्यांचे तुकडे रुतलेले असतात. कोणाचा एखादा पायच गमावलेला असतो. डॉक्टर आणि वनविभागाची माणसे त्यांची सेवा करतात. समुद्रातले जाळे आणि टेमघरच्या नाल्यातले सूत, दोन्ही माणसाने टाकलेले. मागावरचे तुटके सूत पिशवीत गोळा करून कचऱ्याच्या गाडीत टाकले, तर एखाद्या कासवाचा पाय वाचतो. हा उपचार कोणत्याही मलमापेक्षा मोठा आहे, आणि त्याला डॉक्टर लागत नाही.

आपली स्वच्छता

कासव निरोगी दिसत असले, तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांनी माणसाला ताप, उलट्या आणि जुलाब होतात. लहान मुलांना हा आजार जड जातो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली गेली. म्हणून कासवाला हात लावल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा. त्याचे भांडे स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नका. धाकट्या भावंडांना त्याच्याशी खेळू देऊ नका.

मित्रांनो, ससा आणि कासवाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली आहे. कासव हळू चालते, पण थांबत नाही. त्याची जखमही हळू भरते. चार दिवसांत फरक दिसला नाही, म्हणून कंटाळू नका आणि रोज नवे औषध बदलू नका. रोज स्वच्छता, योग्य ऊब आणि धीर, एवढ्यावर किरकोळ जखम भरून येते. जो प्राणी ओरडत नाही, त्याचे दुखणे ओळखणे हीच खरी माणुसकी आहे.

शब्दार्थ

खपली – जखमेवर येणारे कोरडे आवरण
मज्जातंतू – वेदना आणि स्पर्श कळवणारे शरीरातले धागे
सोलवटणे – वरची कातडी निघणे
निपचित – हालचाल न करता
अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी
द्रावण – पाण्यात विरघळलेले औषध
रुतणे – आत खोल शिरणे
यकृत – शरीरातला एक अवयव, उर्दूत जिगर
लकवा – अंग लुळे पडणे, उर्दूत फ़ालिज
उधाण – समुद्राला येणारी मोठी भरती

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कासवाचा पू कशासारखा असतो?
(आ) कासवाला उलटे करून का ठेवू नये?
(इ) वनविभागाचा दूरध्वनी क्रमांक कोणता?
(ई) तारा कासवाच्या पाठीवर काय असते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) कासवाची जखम हळू भरते.
(आ) जखमी कासवाच्या खोक्यावर मच्छरदाणीचे कापड बांधावे.
(इ) जखमेत हळद किंवा चुना भरू नये.

प्र. ३. रस्त्यावरच्या पाच जणांनी दिलेले सल्ले लिहा. त्यांतील कोणत्याही दोघांना तुम्ही काय उत्तर द्याल, ते तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
जीव धोक्यात येणे, जागा बळकावणे, सेवा करणे.

प्र. ५. पाठातील जे शब्द उर्दूतही वापरले जातात, ते शोधा आणि त्यांची यादी करा. कोणत्या शब्दाचे रूप मराठीत बदलले आहे, ते सांगा.

उपक्रम : आपल्या मोहल्ल्यात सूत, दोरी, प्लास्टिक असा कचरा नाल्यात कोठून येतो, त्याची पाहणी करा. तो थांबवण्यासाठी काय करता येईल, यावर वर्गात चर्चा करा.